ताज सावरलं, वॉटसन खचलं : जुनी इमारत टिकते कशी?

गावाकडच्या माणसाची मुंबईच्या ताज हॉटेलशी ओळख बहुतेक एका फोटोपुरती असते. पुढं आपण, मागं तो लाल घुमट. आत जायचं काम पडत नाही, आणि पडलं तरी चहाचा दर ऐकून बाहेर यावं लागेल. तरी वऱ्हाडातल्या माणसानं हे हॉटेल समजून घ्यावं, असं मला वाटतं. एक तर त्याच्या पैशाची एक वाट आपल्या कापसातून गेलेली आहे. आणि दुसरं म्हणजे, आपल्या गावोगावचे वाडे का पडताहेत हे मुंबईतल्या दोन हॉटेलांकडं बघून फार चांगलं कळतं. एक ताज, दुसरं वॉटसन. पहिल्यात बॉम्ब फुटले, आग लागली, तरी ते दिमाखात चालू आहे. दुसऱ्यावर कुणी हल्ला केला नाही, आणि ते मोडकळीला आलं.

आधी कापसाचं बघू. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. लँकेशरच्या गिरण्या रुईवाचून अडल्या. मग हिंदुस्थानातल्या कापसाला असा भाव आला, की तो विकणाऱ्या मुंबईत पैसा ठेवायला जागा उरली नाही. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव आपटले, शेअरबाजार झोपला, भलेभले शेठ रस्त्यावर आले. भाव पडल्यावर काय होतं हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. पण त्या चार-पाच वर्षांत मुंबई बदलली ती बदललीच. गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात किल्ल्याचे जुने तट पाडले गेले, आणि मोकळ्या झालेल्या एस्प्लनेड नावाच्या मैदानावर नव्या इमारती उठू लागल्या. इकडं १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. खामगावचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. एवढ्या छोट्या फाट्याला व्हाइसरॉय कशाला? कापसासाठी, दुसरं काय.

त्याच एस्प्लनेडवर जॉन वॉटसन नावाच्या इंग्रज कापड व्यापाऱ्यानं हॉटेल बांधलं. बांधलं म्हणण्यापेक्षा जोडलं म्हणायला हवं. रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरनं त्याचा आराखडा केला होता. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजानं मुंबईला आणल्या, आणि १८६७ ते १८६९ च्या दरम्यान जागेवर उभ्या केल्या. त्या काळच्या मुंबईत इमारत म्हणजे जाड भिंती, आणि भिंतींवर मजले. इथं मात्र सगळा भार लोखंडाच्या सांगाड्यावर होता, भिंती नुसत्या मधली जागा भरायला. आज आपण पिलर-बीमचं घर बांधतो त्याचा हा पणजोबाच. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. पाच मजले, मध्यभागी वरून काचेचं छत असलेला चौक. ७ जुलै १८९६ ला याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तिकीट एक रुपया. हिंदुस्थानात सिनेमा पहिल्यांदा पाहिला गेला तो इथं.

बिडाचा एक स्वभाव लक्षात ठेवा, पुढं तो लागणार आहे. बीड वरून येणारा भार फार छान पेलतं, पण ताण पडला की न वाकता थेट तुटतं. पोलादासारखा आधी झुकून इशारा देत नाही.

आता ताज. जमशेटजी टाटांनी आपली मोठी गिरणी मुंबईत न काढता नागपूरला काढली, तेव्हा मुंबईच्या लोकांना ते येडपट वाटलं होतं. हिशेब मात्र सरळ होता. कापूस पिकतो तिथंच, दगडी कोळसा वरोऱ्याला, रेल्वे दाराशी. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी, नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. जमशेटजींच्या पुढच्या सगळ्या उद्योगांना जी ताकद मिळाली तिच्यात या गिरणीचा वाटा मोठा. ताज हॉटेल त्यांनी कंपनीच्या नाही, स्वतःच्या पैशानं उभारलं. कुठला रुपया कुठं लागला हे कुणी सांगू शकत नाही, पण त्या पैशात वऱ्हाड-नागपूरच्या बोंडांचाही घाम आहे एवढं म्हणायला हरकत नाही. त्या मिलच्या जागेवर आज नागपुरात मॉल उभा आहे. ती गोष्ट वेगळी, आणि मला विचाराल तर जास्त दुःखाची.

ताजचे मूळ वास्तुरचनाकार रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, म्हणजे आपला मराठी माणूस, आणि त्यांच्यासोबत डी. एन. मिर्झा. काम अर्ध्यावर असताना वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजानं ते पुरं केलं. १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं. पुढं पाच-सहा महिन्यांतच, मे १९०४ मध्ये, जमशेटजी गेले. शेजारचा गेट वे ऑफ इंडिया तेव्हा नव्हता, तो १९२४ चा. म्हणजे फोटोत मागं दिसणारं हॉटेल पुढच्या कमानीपेक्षा वीसेक वर्षांनी थोरलं आहे. पहिल्या महायुद्धात याच हॉटेलाचं सहाशे खाटांचं इस्पितळ झालं होतं.

एक कहाणी तुम्ही ऐकली असेल. म्हणे मिस्त्र्यांनी नकाशा उलटा धरला, हॉटेलची पाठ समुद्राकडं झाली, आणि ते पाहून रचनाकार साहेबानं जीव दिला. ही थाप आहे. दार शहराच्या बाजूला ठेवलं ते समजून-उमजून, कारण पाहुण्यांच्या घोडागाड्या तिकडून यायच्या. जीव द्यायला मूळ रचनाकार वैद्य हयातच नव्हते. अशी कहाणी आपल्याकडंही प्रत्येक जुन्या विहिरीला आणि वाड्याला चिकटलेली असतेच.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजवर हल्ला झाला आणि २९ ला सकाळी तो संपला. हॉटेलात ३१ माणसं गेली. घुमटाखालचे वरचे मजले जळत असल्याचं चित्र आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. १९७३ सालचा उंच टॉवर त्यातून तुलनेनं बचावला होता, तो २१ डिसेंबरलाच, म्हणजे महिन्याच्या आत, पुन्हा सुरू झाला. जुना महाल मात्र १५ ऑगस्ट २०१० ला उघडला. जवळपास पावणेदोन वर्षं लागली. नवी इमारत असती तर एवढ्यात पाडून बांधून झाली असती, मग इथं वेळ कशात गेला?

आगीत जुनी इमारत कशी वागते ते आधी बघा. दगड जळत नाही, पण तापलेल्या दगडावर बंबाचं थंड पाणी पडलं की त्याच्या कपच्या उडतात. लोखंडही जळत नाही, पण साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापलं की त्याची जवळपास अर्धी ताकद जाते, तुळई लोंबते आणि लोंबताना भिंतीला ढकलते. सागवानाचं उलट आहे. ते पेटतं खरं, पण पेटताना वर कोळशाचा थर धरतं आणि तोच थर आतल्या लाकडाला झाकतो. अर्ध्या तासाच्या आगीत जाड सागवानी तुळई वरून दोनेक सेंटीमीटर करपते, आतलं लाकूड शाबूत राहतं. म्हणून काळंठिक्कर पडलेलं सागवान बघून ते फेकायची घाई करायची नसते. वरचा कोळसा तासून काढायचा, उरलेली जाडी मोजायची, भार पेलण्याइतकी असेल तर तीच तुळई परत वापरायची. आमच्याकडं मात्र वाड्याला आग लागली की दुसऱ्याच दिवशी भंगारवाला दारात येतो, आणि घरचे ‘जळलेलं काय कामाचं’ म्हणत शंभर वर्षांचं सागवान मातीमोल भावात देऊन टाकतात.

अशा कामात पहिले काही महिने बघणाऱ्याला काहीच होताना दिसत नाही. त्या वेळात मोजणी चालते. हातोडीनं भिंत ठोकून आवाज ऐकतात. खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळी. दगडाचा, चुन्याचा, लाकडाचा छोटा नमुना काढून तपासणीला पाठवतात. जुने नकाशे, जुने फोटो शोधतात, प्रत्येक खोलीचं, प्रत्येक कंगोऱ्याचं माप कागदावर उतरवतात. आणि भिंती वाळू देतात. आगीनं जेवढं नुकसान केलं त्याच्या मागोमाग आग विझवायला मारलेलं पाणी करतं. ते जाड भिंतीत मुरून बसतं आणि निघायला महिनोन् महिने घेतं. घाईनं वर रंग-प्लास्टर केलं तर ते पोटात तसंच राहतं.

पाण्याचा आणि भिंतीचा संबंध नीट कळला तर निम्मं शास्त्र कळलं म्हणा.

जुन्या भिंती चुन्याच्या. चुनखडी भट्टीत नऊशेएक अंशांवर भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. वणीकडच्या भट्ट्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे सांगायला नको. कळीवर पाणी टाकलं की ती फसफसते, चटके बसतील इतकी तापते, आणि विरून मऊ चुना होतो. त्यात वाळू, विटांचा चुरा म्हणजे सुरखी, कुठं गूळ, कुठं बेलफळाचा गर असं घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. गोल चर, त्यात दगडी चाक, आणि चाकाला बैल. कित्येक गावांच्या गढीजवळ असं चाक अजून मातीत अर्धं रुतलेलं सापडेल, लोक त्यावर बसून तंबाखू मळतात. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतला कर्बवायू हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे निघाला होता चुनखडीतून, पोचतो परत चुनखडीवर. त्याला दिवस नाही, वर्षं लागतात. पण अशी भिंत पाणी आत घेते तसं बाहेरही सोडते, पायाच्या किंचित हालचालीबरोबर किंचित हलते, आणि बारीक चीर पडली तर बऱ्याचदा स्वतःच बुजवते.

सिमेंट यातलं काही करत नाही. ते लवकर कडक होतं, म्हणून नव्या कामाला उत्तम. पण चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर मारणं म्हणजे ओलं सोयाबीन ताडपत्रीखाली दाबून ठेवणं. जमिनीतली ओल जोत्यातून भिंतीत चढत असतेच. बाहेर पडायची वाट बंद झाली की ती आणखी वर चढते, सोबत क्षार नेते, आणि ते क्षार प्लास्टरच्या मागं स्फटिक धरून फुगतात. मग लोणा लागतो. प्लास्टरचे पापुद्रे सुटतात, मागची वीट पिठासारखी गळते. लोक म्हणतात सिमेंट कमी पडलं, आणि पुढच्या वर्षी आणखी कडक माल चढवतात.

आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्याला मी विचारलं होतं, काका, एवढं प्लास्टर करूनही ही भिंत ओलीच कशी? त्यांनी नखानं पोपडा उचलला, मागची ओली माती बोटावर घेऊन दाखवली आणि म्हणाले, ‘सिमेट मारलं का भितीचा जीव कोंडते, भाऊ. पाणी जाईन कुठं? चुन्याले दिवस द्या लागते, अन् आता कोणाजोळ दिवस हायेत?’ इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला दोन पानं लागतात.

म्हणून ताजसारख्या इमारतीच्या कामात नियम ठरलेले असतात. जे आहे ते शक्य तेवढं ठेवायचं. बदलायचंच झालं तर त्याच जातीचं साहित्य वापरायचं, चुन्याला चुना, सागवानाला सागवान. नव्यानं जे घालाल ते उद्या कुणाला काढावंसं वाटलं तर मूळ भिंत न फोडता काढता यावं. आणि नवं काम जवळून पाहणाऱ्याला नवं म्हणून ओळखू यावं, खोटं म्हातारं करू नये. हे शेवटचं मला स्वतःला फार पटतं. हल्ली रस्त्यावरच्या ढाब्यांना सिमेंटचे बुरूज काढून वर ‘वाडा’ नाव देतात, ते पाहिलं की जास्तच पटतं. शिवाय हॉटेल चालवायचं म्हणजे एसीच्या हवेची नळकांडी, पाण्याच्या नळ्या, आगीची सूचना देणारी यंत्रं, आपोआप फवारा मारणारे नळ, हे सगळं शंभर वर्षांच्या नक्षीमागं दडवायचं. कंगोऱ्याला धक्का न लावता नळी कुठून न्यायची, यावरच आठ-आठ दिवस जातात.

आता वॉटसनकडं वळू, कारण खरा धडा तिथं आहे. ताज उघडल्यावर वॉटसनची रया हळूहळू गेली. १९६० च्या दशकापर्यंत हॉटेल बंद पडून आत घरं आणि ऑफिसं झाली होती. इमारतीचं नाव झालं एस्प्लनेड मॅन्शन. खोल्यांत फळ्या मारून पोटखोल्या, पोटखोल्यांत वकिलांची टेबलं, झेरॉक्सची दुकानं. प्रत्येकानं आपल्या सोयीनं मोरी काढली, नळ फिरवला, माळा चढवला. मोरीचं पाणी बिडाच्या सांध्यात जाऊन बसलं. लोखंड गंजलं की गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा मागतो, आणि आतून ढकलत सांधा उकलतो. त्यात बिडाचा तो स्वभाव, न सांगता तुटायचा. २००५ च्या जुलैत दर्शनी भागाचा एक हिस्सा कोसळला, एकाचा जीव गेला. जगातल्या १०० धोक्यातल्या वास्तूंच्या २००६ च्या यादीतही या इमारतीचं नाव लागलं. यादीत नाव लागल्यानं गंज थांबत नसतो. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी करावी लागली. आयआयटी मुंबईच्या तपासणीत तर ती दुरुस्तीपलीकडं गेल्याचं मत आलं होतं.

पैसा नव्हता का? मुंबईच्या त्या भागात पैसा नव्हता असं कोण म्हणेल! अडचण मालकीत होती. १९४७ च्या भाडे कायद्यानं जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. हेतू चांगला होता, युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला घराबाहेर काढू नये हा. पण वर्षं गेली तशी मालकाच्या हाती येणारी रक्कम दुरुस्तीच्या एका खांबालाही पुरेना. मालक म्हणे राहतात ते बघतील. राहणारे म्हणत इमारत त्यांची, आम्ही का खर्च करावा. दोघांचंही म्हणणं कागदावर बरोबर. छत मात्र गळतच राहिलं.

ताजचा मालक पहिल्या दिवसापासून एक. युद्धातलं इस्पितळ सोडलं तर १९०३ पासून इमारतीचा धंदा तोच. गळलं तर पाहुणा दुसऱ्या दिवशी तक्रार करणार, म्हणून गळती त्याच आठवड्यात बंद होते. विमा होता, पाठीशी मोठा उद्योगसमूह होता, हे खरंच. पण २००८ च्या आधीची शंभर वर्षं रोज झाडलं, पुसलं, दुरुस्त केलं नसतं, तर ती इमारत त्या आगीत तग धरू शकली असती का, याची मला शंका आहे.

हे वाचताना तुम्हाला तुमच्याच गल्लीतला एखादा वाडा आठवला असेल. आजोबांच्या पश्चात चार भावांत वाटणी होते. ढेलज थोरल्याकडं, ओसरी दुसऱ्याकडं, माडी तिसऱ्याकडं, आणि धाकटा पुण्याला. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, चार नावं लागतात. दोन हिश्श्यांच्या छपरांमधली पन्हाळ मात्र कुणाच्याच नावावर नसते. नेमकी तीच आधी गळते. कवेलू सरकतात, माकडं आणखी सरकवतात, पन्हाळीत पिंपळ उगवतो. एका भावानं दुरुस्ती काढली तर दुसऱ्याला वाटतं, हा उद्या खर्चाचा हिशेब दाखवून हक्क सांगेल. चार पावसाळ्यांत पाणी तुळईच्या टोकापर्यंत पोचतं, भिंतीत गेलेलं टोक कुजतं, आणि एका रात्री माडी खाली येते. मग सगळे गोळा होतात आणि म्हणतात, जुनाट झाला होता, पडणारच होता. दीडशे वर्षं उभा होता त्याला जुनाटपणानं काही केलं नव्हतं.

तुमच्यात अजून बोलणं होत असेल, तर पहिला कागद पन्हाळीचा करा. वाटणी राहू द्या तशी, पण छप्पर, पन्हाळ आणि जोत्याभोवतीची नाली सामाईक, आणि तिचा खर्च दरवर्षी सगळ्यांनी मिळून द्यायचा, एवढं लिहून घ्या. देखभाल गावात राहणाऱ्या एकाच्या हाती द्या आणि त्याला त्यावरून टोचून बोलू नका. कामाला हात लावण्याआधी प्रत्येक खोलीचे, प्रत्येक सांध्याचे फोटो काढून ठेवा, मोबाइल आता सगळ्यांकडंच आहे. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघा, सहज आत गेलं तर तेवढाच तुकडा बदलता येतो, अख्खी तुळई काढायची गरज नसते. उन्हाळ्यात छप्पर आणि नाली नीट करा आणि प्लास्टरला हात न लावता मधला पावसाळा जाऊ द्या. त्यात भिंत कुठपर्यंत ओली चढते तिथं कोळशानं रेघ मारून ठेवा. दिवाळीनंतर सिमेंट खरवडायला लागाल, ते त्या रेघेच्या हातभर वरून खाली.